पदराआडचं रडू

हदगावच्या अलीकडच्या एका खेड्यात सुभद्राबाई पिकल्या वयात वारल्या, आणि त्यांच्या धाकट्या सुनेला, पूनमला, काही केल्या रडूच येईना. सासूवर राग होता असं मुळीच नाही. पण पूनम लातूरला राहणारी, सासूशी गाठ सणावारापुरती. डोळ्यांत पाणी यावं तरी कुठून? आणि रिवाज असा, की भेटायला बायकांचा नवा घोळका आला की घरातल्या बायकांनी पदर ओढून नव्यानं रडायचं. घोळके तर दिवसभर येतच होते.

"एक टिपूस न्हाई बाईच्या डोळ्यात!" थोरली जाऊ अयोध्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं कुजबुजली. अयोध्याचा स्वभावच संशयी. घरात दूध नासलं तरी ती आधी विचारायची, "सकाळी कोन आलतं?"

पूनमनं मग पदर हनुवटीपर्यंत ओढला, मोबाईल गुडघ्यांत धरला आणि त्यावर अर्धवट राहिलेलं पुस्तक उघडलं. स्टेजवर उभं राहून लोकांना हसवणाऱ्या बायकांनी लिहिलेल्या आठवणी वाचायचा तिला भारी नाद. ह्या पुस्तकातल्या बाईनं तर स्वतःच्याच संसाराची अशी सालपटं काढली होती, की पूनमचं पोट दुखायला लागलं. हसू दाबता दाबता खांदे गदागदा हलले, डोळ्यांना धारा लागल्या आणि नाकातून एक हुंदका निसटला.

"बघा, ह्याला म्हनतेत माया!" साखराबाई म्हणाल्या. ह्या सुभद्राबाईंच्या धाकट्या बहीण. सुतकाचा सगळा कारभार त्यांच्याच हातात होता. "लेकीबी एवढं रडत न्हाईत माय!"

येणाऱ्याजाणाऱ्या बायका पूनमच्या पाठीवरून हात फिरवायला लागल्या, तशी अयोध्याच्या मनात पाल चुकचुकली. तिनं नवऱ्याला, व्यंकटीला, कणगीमागं गाठलं.

"सासूसाठी कुनी एवढं रडतंय व्हय? मी माझ्या मायसाठी न्हाई रडले एवढी. म्हातारीनं हिला कायतरी देलंय."

"काय देनार? हाय काय तिच्याजवळ?"

"बोरमाळ!"

सुभद्राबाईंची सोन्याची बोरमाळ खरंच कुठं नव्हती. पेटीत नाही, देवघरात नाही, ज्वारीच्या कणगीतही नाही. अयोध्या दंडापर्यंत ज्वारी लावून परत आली आणि चहा द्यायचं निमित्त करून पूनमसमोर वाकली. पदराआड उजेड दिसला.

"माय गं! सोन्याचा भाव बघायली ही!" ती किंचाळली. "मावशी, बोरमाळ हिच्याकडंच हाय! हिची पिशवी उघडा!"

बायका पूनमकडं बघायला लागल्या आणि मघाशी पाठीवर फिरणारे हात आपापल्या मांडीवर गेले. दारातून तिचा नवरा शिवशंकर डोकावला, "काय आसंल ते सांगून टाक," एवढंच म्हणाला आणि पुरुषांत जाऊन बसला. धन्य तो नवरा!

पूनमनं गप्प बसावं तर चोर ठरणार, आणि खरं सांगावं तर सुतकात दात काढणारी. चोर म्हणून ह्या घरात पुन्हा पाय ठेवायची सोय उरली नसती. तिनं पदर मागं सारला.

"भाव न्हाई, पुस्तक वाचत होते."

"पुस्तक वाचून कुनी रडतंय व्हय?" अयोध्या म्हणाली.

"रडत नव्हते. हसत होते."

कुणीतरी "अगं बाई!" म्हणून तोंडावर हात ठेवला. साखराबाईंनी डोळे बारीक केले.

"हसू येईल असं काय हाय त्याच्यात? वाच मोठ्यानं. खोटी निघलीस तर मी सोता झडती घेते."

पूनम वाचायला लागली. पुस्तकातली बाई संध्याकाळी विनोदाचे कार्यक्रम करायची. सासूला त्याची लाज. सासूनं गल्लीत सांगून ठेवलं, सून भजनाला जाते. होता होता सुनेची कीर्ती एवढी पसरली, की एका पूजेला अख्खी गल्ली टाळ-पखवाज घेऊन दारात. सुनेला एक अभंग येईना. सासू कानात म्हणाली, "तोंड हलीव नुसतं, मी मागून म्हनते." आणि सासूचा आवाज म्हणजे...

एका म्हातारीनं तोंडात पदर कोंबला. दुसरीनं भिंतीकडं तोंड फिरवलं. बघता बघता अख्खी ओसरी गदागदा हलायला लागली. सगळ्यांत जास्त साखराबाई. त्या पोट धरून वाकल्या, आणि त्यांच्या कनवटीतून बोरमाळ निसटून फरशीवर पडली.

हसणं जागच्या जागी थिजलं. अयोध्याचा तर आ वासलेलाच राहिला.

साखराबाईंनी डोळे पुसले. "बहिनीची आठवन म्हनून ठिवली व्हती. त्यात एवढं बघन्यासारखं काय हाय? तू वाच पुढं."

पूनमनं मोबाईल पालथा घातला. ह्या घरात ती पहिल्यांदाच अशी ताठ बसली होती.

"आधी माळ जाऊबाईंच्या हातात द्या मावशी. मग वाचते."

साखराबाईंनी एकदा माळेकडं बघितलं, एकदा मोबाईलकडं.

"घे बाई ती माळ!" त्यांनी ती अयोध्याच्या ओटीत टाकली. "पन त्या सासूनं तोंड उघडल्यावर काय झालं, ते सांग आधी!"

अयोध्यानं माळ उचलली, उजेडात धरली आणि एक मणी नखानं खरवडून बघितला. मग ती पूनमजवळ सरकली.

"पयल्यापासून वाच," ती म्हणाली. "मधलं कायतरी गाळून वाचायलीस तू."