कोण किती खाऊन राह्यलं

"सर्वर म्हंजे दुभती म्हैस हाये, बाप्पा! नुसत्या श्वासावरून मले कळते, तिचं पोट कुठं दुखून राह्यलं!"

असं उत्कर्ष छाती फुगवून सांगायचा. शेलूबाजारच्या धरतीधन बियाणे सहकारी संस्थेत त्याचं खोटं काढणारं दुसरं कोणी नव्हतंच. बाकीच्यांना सर्व्हरबद्दल एवढंच ठाऊक होतं, की त्याच्या खोलीत एसी आहे. म्हणून त्या खोलीत सगळ्यांचे डबे आणि ताकाच्या बाटल्या राहायच्या.

उत्कर्ष संस्थेत तात्पुरता होता. इतकी वर्षं तात्पुरता, की तो शब्द त्याला आडनावासारखा चिकटला होता. त्याच्या लग्नाचं कुठं जमत आलं, की मुलीचा बाप विचारायचा, "कायम हाय काय?" आणि चहा अर्धा टाकून उठायचा. असे बरेच चहा अर्धे राहिले होते.

शेवटी बियाण्याच्या टोकनवाटपाच्या आदल्या दिवशी अध्यक्ष दौलतसिंगांनी त्याला बोलावलं.

"उद्या सारा तालुका येईन. सर्वर नाही बसलं, तं तुही कायमची ऑर्डर उद्याच्या उद्या. बसलं, तं तू घरी बस!"

"साहेब, मी पहाराच बसवतो! सर्वरच्या डिस्कवर कोणाचं काम किती भरून राह्यलं, हे यंत्रच पाह्यत राहीन. कोणी जास्त खाल्लं, की लगेच मेसेज!"

"कोणाले मेसेज?"

"मले."

"तुले एकट्याले काहून? संस्थेच्या व्हाट्सॲप गुरपवर टाक. सगळ्या सभासदाइले दिसू दे. आपला कारभार पारदर्शक हाये!"

'पारदर्शक' हा शब्द दौलतसिंगांनी नुकताच एका शिबिरात ऐकला होता. तेव्हापासून ते तो साखरेसारखा चहातसुद्धा टाकत होते.

उत्कर्षनं पहारा बसवला. संस्थेत प्रत्येकाचं काम सर्व्हरवर ज्याच्या त्याच्या नावानं चालायचं, म्हणून मेसेजमध्ये नाव येणार. कोणाचं काम जास्त खात असेल तर तसा मेसेज, ते काम बंद पाडलं तर तसा, आणि कोणी डिस्क पार भरून टाकली तर 'जागा शिल्लक नाही' असा शेवटचा. काउंटरवरच्या सुकेशनीनं त्याच्या खांद्यावरून वाचलं आणि कपाळाला हात लावला.

"अरे, निदान 'डिस्क' तं लिही त्याच्यात!"

"शेतकऱ्याले डिस्क काय समजते? शब्द कमी, असर जादा!" उत्कर्ष म्हणाला.

असर झाला. टोकनच्या दिवशी सकाळी आवारात पाय ठेवायला जागा नव्हती, रांग पार रस्त्यावरच्या जीपगाड्यांपर्यंत गेली होती, आणि तेवढ्यात शेकडो खिशांत एकाच वेळी मोबाईल वाजले.

"सावधान! धनसिंग ९१ टक्के खाऊन राह्यले. शिल्लक फक्त ९ टक्के!"

धनसिंग म्हणजे संस्थेचे गोदामपाल. गोदामातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण त्यांच्या नावानं सर्व्हरवर उतरायचं, एवढाच त्यांचा गुन्हा. एरवी माणूस इतका सरळ, की पोतं शिवताना उरलेली सुतळीसुद्धा परत ठेवायचा. पण खाणे या क्रियापदाचा सहकारात एकच अर्थ होतो! ग्रुपवर धडाधड उत्तरं येऊ लागली.

"तरी म्हटलं, यंदा बियाण्यात काडीकचरा काहून?"

"९१? अन् बाकीच्या संचालकाइनं काय उपास धरले काय?"

"चोट्टा निंगाला!"

धनसिंग गोदामातून धापा टाकत आले. "उत्कर्ष, लेका, म्या काय खाल्लं रे? सकाळपासून मी चहा नाही पेलो!"

"काका, तुमी नाही, तुमची प्रोसेस खाऊन राह्यली!"

"माही कोण?"

उत्कर्षनं ताबडतोब ग्रुपवर खुलासा टाकला: 'गैरसमज नसावा. खाणं माणसाचं नाही, प्रोसेसमध्ये आहे.' त्यावर लगेच कोणीतरी लिहिलं, "तेच तं! प्रोसेसमंधीच खातात सारे. उघड कोण खाते?" या उत्तराला एकाहत्तर अंगठे मिळाले.

एवढ्यात रांग फोडत गोमतीबाई आल्या. धनसिंगांच्या बायकोचा आवाज असा, की गोदामातली कबुतरं उडाली.

"काहो! एवढं खाल्लं?"

"गोमती, आईच्यान सांगतो, म्या काही नाही..."

"खाल्लं तं खाल्लं! पण घरी काहून नाही आणलं? माह्यी चप्पल पाहा, किती डाव शिवली! ९१ टक्के कोण्या भवानीच्या घरी नेऊन टाकले?"

धनसिंगांना आता कोणता आरोप आधी नाकारावा तेच कळेना. ते तसेच मागच्या गोदामात गेले, आतून कडी लावून एका पोत्यावर बसले आणि फोन बंद करून टाकला.

इकडे मोबाईल पुन्हा वाजले. "सावधान! राजपाल ८ टक्के खाऊन राह्यले."

राजपाल हे व्यवस्थापक. त्यांची बिलं छापणं चालू होतं, बाकी काही नाही. पण ते एसीच्या खोलीत शिरले, दार लावलं, ताकाची एक बाटली एका घोटात संपवली आणि उत्कर्षच्या कानाशी लागले.

"आठ तुले कोणं सांगतले?"

"सर्वरनं, साहेब."

"साफ खोटं! माह्ये पाच असतात. तीन वर जातात, हे तुह्या सर्वरले दिसत नाही काय? लिहाचं तं बरोबर लिहा ना, भाऊ! माणसाची काही इज्जत असते!"

जी गोष्ट विचारायची कोणाची छाती नव्हती, ती न विचारताच समोर येऊन ताक पिऊन गेली होती. पण उत्कर्षला त्याचं काय? बाहेर सुकेशनी ओरडत होती, "अरे, टोकन निंगून नाही राह्यलं! सर्वर बसते आता!" ऑर्डर डोळ्यांसमोरून निसटत होती. आता धनसिंगांचं काम बंद पाडल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. सर्व्हरवाल्यांच्या बोलीत चालतं काम बंद पाडणं म्हणजे मारणं. त्यानं मारलं, साठलेलं चित्रणही पुसलं. सर्व्हर सुटला, टोकनं भराभर निघू लागली, आणि यंत्रानं इमानदारीनं सभासदांना कळवलं:

"धनसिंग यांना मारून टाकले. आता सर्व सुरळीत."

आवारात सगळ्यांनी मोबाईल डोळ्यांजवळ नेले. मग गोमतीबाईंनी हंबरडा फोडला. "अहो, खाऊ देले असते ना त्याइले! काहून मारलं वो!"

लोकांनी धनसिंगांना फोन लावला, तर तो बंद! झालं. सकाळी ज्यानं 'चोट्टा' लिहिलं होतं, त्यानंच पहिलं लिहिलं, "भावपूर्ण श्रद्धांजली. देवमाणूस गेला." काडीकचरावाल्यानं लिहिलं, "असा गोदामपाल होणे नाही." एका संचालकानं तर शोकसभेची वेळ आणि वक्त्यांची नावंसुद्धा टाकली, त्यात पहिलं नाव स्वतःचं. गोमतीबाईंचा भाऊ भाऊसिंग शेजारच्या मालेगावहून जीप भरून निघाला. चालत्या जीपमधूनच त्यानं ग्रुपवर विचारलं, "मारणारा कोण? त्याले तिथंच बसवून ठेवा."

उत्कर्ष मागच्या गोदामाकडे धावला, दार बडवलं. "काका, बाहेर या! तुमी जिते हा हे दाखवा!"

धनसिंगांनी फोन चालू केला, चष्मा लावला आणि सावकाश वाचू लागले. वाचता वाचता त्यांचे डोळे भरून आले.

"पाह्य रे, देवमाणूस म्हनून राह्यले मले! इतक्या वर्षात कोणी राम राम नाही घातला." त्यांनी पोत्यावर मांडी घातली. "उत्कर्ष, एक काम कर. घंटाभर मेलेलाच राहू दे मले."

"काका, तुमचा साळा जीप घेऊन माह्या मागं येऊन राह्यला!"

तेव्हा कुठे धनसिंग उठले. ते आवारात दिसताच गोमतीबाईंचं रडणं थांबलं, आणि चपलेचा प्रश्न जिथं सोडला होता तिथून पुन्हा सुरू झाला.

दरम्यान उत्कर्षनं जीव वाचवायला आणखी एक शहाणपणा केला होता. आपलं यंत्र खरं बोलतं याचा पुरावा हवा, म्हणून त्यानं पहाऱ्याला सांगितलं: प्रत्येक क्षणाला बघ, आणि जे बघशील ते सगळं लिहून ठेव. यंत्र लिहू लागलं. कुठे? त्याच डिस्कवर. कोणाच्या नावानं? ज्यानं पहारा बसवला त्याच्या!

मोबाईल वाजले. "सावधान! उत्कर्ष ९७ टक्के खाऊन राह्यले."

दौलतसिंग खोलीत आले. मागून राजपाल. उत्कर्षनं डोळे मिटले आणि मनातल्या मनात आणखी एक चहा अर्धा टाकून दिला. पण अध्यक्षांचा हात त्याच्या खांद्यावर पडला, तो मायेनं!

"सत्त्याण्णव! अन् आमाले पत्ता नाही!" दौलतसिंग गहिवरले होते. "अरे, तुले कायम काहून करत नव्हतो, माहीत हाय? हा पोरगा खात नाही, याचं भेव वाटे. आता तू आपला माणूस झाला!"

"साहेब, मी डिस्क... म्हंजे जागा खाऊन राह्यलो..."

"जागा?" अध्यक्षांनी राजपालकडे आदरानं पाहिलं. "पाह्य, आपण कमिशनवरच राह्यलो. पोरगा डायरेक्ट जागेत हाये!"

उत्कर्षला सांगायचं होतं, की मी असा नाही. खरंच सांगायचं होतं! पण 'कायम' हा शब्द कानात शिरला आणि त्यानं मान डोलावली. इतकंच नाही, तर तो थोडंसं हसलासुद्धा.

"सुकेशनी! याची कायमची ऑर्डर काढ, आत्ताच्या आत्ता!"

सुकेशनीनं ऑर्डर टाइप केली आणि सेव्हचं बटण दाबलं. एसीच्या खोलीतून सर्व्हरनं एक लांब उसासा सोडला. बाहेरची टोकनं थांबली, काउंटरचे पडदे काळे झाले. मग शेकडो खिशांत एकदमच मोबाईल वाजले. दौलतसिंगांनी चष्मा वर करून मेसेज वाचला, पुन्हा वाचला आणि मोबाईल उत्कर्षसमोर धरला.

"मी तं करतच होतो, बावा. पण तुहं सर्वरच नाही म्हंते."

मेसेज अगदी सोप्या भाषेत होता. शब्द कमी, असर जादा.

"उत्कर्ष यांच्यासाठी संस्थेत जागा शिल्लक नाही."