लाल गाडीचा सौदा

सौद्यात कारभारी अण्णांना हरवेल असा माणूस अजून जन्माला यायचा होता! हे दुसरं कुणी म्हणत नव्हतं, खुद्द अण्णाच म्हणायचे, आणि रोज म्हणायचे. पण त्यात तथ्य होतं. हसनाबादपासून धावड्यापर्यंत कुणाला बैल घ्यायचा असला, की तो टेंभुर्णीला येऊन आधी अण्णांना गाठायचा आणि मग बैलाकडे बघायचा. अण्णा खांद्यावरचं उपरणं समोरच्याच्या हातावर टाकायचे, त्याखाली त्याची बोटं दाबायचे आणि असा भाव पाडायचे, की घरी जाऊन बायकोला काय सांगावं या विचारात विकणारा तिथंच उभा राहायचा.

त्यांचा हुकमी डाव एकच होता. साज सोडायचा! बैल घ्यायचा, पण त्याच्या घुंगरमाळा, झूल, गोंडे ज्याचे त्याला परत करायचे आणि तेवढा भाव खाली आणायचा. "औत बैल वढतो का घुंगरं वढतेत?" असं अण्णांनी विचारलं की समोरचा गार पडलाच म्हणून समजा.

पण हे झालं बाजाराच्या दिवशी. बाकीचे दिवस अण्णा घरी एकटेच असत. बायको साखराबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. वावर कचरूला बटईनं, निम्म्या वाट्यावर कसायला दिलं होतं. एकुलता एक वसंता पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. घरात बोलायला कुणी नसलं की माणूस कसल्याही सौद्यात शिरतो. अण्णा भाजीवालीशी कोथिंबिरीच्या जुडीवरून अर्धा तास हुज्जत घालायचे. एकट्या माणसाला अख्खी जुडी लागते कशाला, हे तिनं कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही.

अशात एक दिवस वसंताचा फोन आला.

"अण्णा, गाडी घेऊन राह्यलो. परदेशी! स्पोर्ट्स कार!"

"केवढ्याला?"

"इकत न्हाई घेत. लीजवर. गाडी कंपनीची, वापर आपला. दर महिन्याला ठरलेलं भाडं द्यायचं आन् मुदत संपली की परत करायची."

"म्हंजे ठोक्यानं वावर केल्यावानी!"

"बराबर! आन् अण्णा, लई पळती ती. सकाळी पुण्याहून निघालो की दुपारी जेवायला टेंभुर्णीत. आता दर महिन्याला येतो का न्हाई बघा!"

दर महिन्याला! अण्णांनी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. त्या कानालाही ऐकू दे म्हणून! वसंता मागच्या वेळी आला होता दिवाळीला, आणि लाडू डब्यात भरून घेऊन दुसऱ्या दिवशी परत गेला होता. गाडी लाल आहे का पिवळी, पळते का रांगते, याच्याशी अण्णांना काडीचं घेणं नव्हतं. त्यांना पोरगं महिन्याला एकदा समोर बसून जेवायला हवं होतं. बस.

"सही करू नको!" ते ओरडले. "कामाला लावून बघितल्याबिगर म्या आजवर जनावर घेतलं न्हाई. गाडी हितं आण. भाव मी ठरवतो!"

वसंता हसला. "ठरवा. मला कुठं जमतंय ते!"

एका रविवारी गाडी आली. लालभडक, दोनच दारांची आणि इतकी बुटकी की निम्मी जमिनीत गाडलीय का काय असं वाटावं! गल्लीच्या तोंडाशी नाली होती. तिथं गाडीचं पोट असं खरवडलं, की बघणाऱ्यांच्याच अंगावर काटा आला. शेवटी कचरूनं गोठ्यातल्या फळ्या आणून टाकल्या आणि गाडी अण्णांच्या दारात लागली. एका दारातून वसंता उतरला, दुसऱ्यातून गळ्यात टाय बांधलेला त्रिंबक. त्रिंबक गाडी भाड्यानं देणाऱ्या कंपनीचा माणूस. मूळचा धावड्याचा, पण पुण्यात राहून कोरा करकरीत झालेला.

अण्णांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. चाकांना लाथ घालून बघितली. मग कमरेवर हात ठेवून म्हणाले, "तोंड उघड."

त्रिंबकनं पुढचं झाकण उघडलं. अण्णा वाकले. आत काहीच नव्हतं! गुळगुळीत, रिकामा खड्डा!

"इंजिन कुठंय?" अण्णांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. "पोकळ गाडी इकून राह्यला का मला?"

"धरा रे त्याला!" कचरू ओरडला.

त्रिंबकची गाळण उडाली. टाय सांभाळत तो मागं पळाला आणि मागचं झाकण उघडलं. इंजिन तिथं ऐसपैस बसलं होतं!

"अशीच असती ही, अण्णा! हिचं इंजिन मागंच असतंय!"

दुसरा कुणी असता तर खजील झाला असता. अण्णा? नाव नको! त्यांनी शांतपणे मिशी पुसली. "म्हंजे खोड हाय. खोडीच्या जनावराला पुरा भाव न्हाई."

तेवढ्यात वसंताचा मोबाइल वाजला आणि लगेच बंद पडला. टेंभुर्णीत तेव्हा मोबाइलला धड रेंज यायची ती शाळेच्या गच्चीवर. "ऑफिसचा हाय. पाच मिनिटांत आलो, अण्णा," म्हणत तो शाळेकडे गेला. नंतर सगळा सौदा होईपर्यंत तो गच्चीवर इकडून तिकडे फिरताना दिसत होता. कानाला मोबाइल, दुसरा हात हवेत. आपलं पोरगं इतकं बोलतं, हे अण्णांना माहीत नव्हतं. त्यांच्याशी बोलताना 'हां' आणि 'बरं' यातच त्याचं भागायचं.

अण्णांनी तिकडून नजर काढली आणि त्रिंबकच्या हातावर उपरणं टाकलं.

त्रिंबकनं उपरण्याखालून हात काढून घेतला. "अण्णा, ह्या गाडीचा भाव बोटांत मावत न्हाई. तोंडानंच बोला."

"बरं. साज काय काय देतो ते सांग."

"विमा हाय, सर्व्हिसिंग हाय, टायर हाय. आन् वर्षाचे किलोमीटर."

"किलोमीटर साजात?"

"म्हंजे वर्षाला ठरलेत तेवढेच किलोमीटर चालवायची. त्याच्यावर चालवली तर जादा भाडं पडतंय."

अण्णांचे डोळे लकाकले. विमा सोडता येत नव्हता. टायर सोडले तर गाडी न्यायची कशी? पण किलोमीटर! वसंताचं ऑफिस त्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. मग ती एवढी हाकायची कुठं? आणि भाड्याचा बैल जेवढा कमी जुंपला तेवढा मालकाचाच फायदा, मग मालकानं भाव कमी करायला नको? टेंभुर्णीला यायचं म्हणाल, तर त्याचा विचार अण्णांनी केला होता. भाड्यानं आणलेल्या जोडीचं काम औतावर मोजतात. वावरातून घराकडे येतानाचं चालणं कुणी मोजलंय का कधी? घरी येणं ते घरी येणं!

"किलोमीटर निम्मे कर," अण्णा म्हणाले. "आन् भाडं पाड."

त्रिंबक चपापला. "अण्णा, किलोमीटर सोडू नका. मागून पस्तावताल."

झालं! उभी हयात बाजारात गेलेल्या माणसाला हे सांगायचं नसतं. समोरचा 'सोडू नका' म्हणाला, की नेमकं तेच सोडायचं, हे अण्णांना पक्कं ठाऊक होतं.

"निम्म्याच्या बी निम्मे कर!"

"अण्णा, ऐका माझं. मी तुमच्या मुलखातलाच हाय, खोटं कशाला सांगू..."

"मुलखातला हायस म्हणून तर वळखलं तुला! कर म्हणलं ना!"

त्रिंबकनं कपाळाचा घाम टायनं पुसला आणि भाडं पाडलं. चांगलं सणसणीत पाडलं! गल्लीत एकच गलका झाला. कचरूनं तर टोपी उडवली. अण्णांनी उपरणं झटकून खांद्यावर टाकलं आणि गच्चीकडे बघून हात केला.

वसंता आला. त्यानं कागद वाचला. एका जागी थांबला. पुन्हा वाचला. मग त्यानं मान वर करून अण्णांकडे बघितलं. अण्णांचा चेहरा नुसता फुलला होता. गाडीच्या टपावर कागद ठेवून त्यानं सही केली.

"झकास सौदा, अण्णा," तो म्हणाला, आणि जेवायला न थांबता निघाला, कारण ऑफिसला काहीतरी अर्जंट होतं.

अण्णांनी नालीवर फरशी टाकून घेतली. पक्की, सिमेंटमध्ये! महिना भरत आला तसे ते दुपारी दारात बसायला लागले. शेजारच्या द्वारकाबाईला त्यांनी सांगून ठेवलं, "पोरगं यील आता. गाडीचा आवाज आला की चहा टाका." महिना भरला. दुसरा भरला. गल्लीत ट्रॅक्टर आले, टमटम आल्या, लाल गाडी काही आली नाही.

शेवटी अण्णांनीच फोन लावला.

"अण्णा, किलोमीटर कुठंयत?" वसंता म्हणाला. "एकदा टेंभुर्णीला येऊन गेलो तर कितीक महिन्यांचे संपतेत."

"घरी येयाचे बी मोजतेत?"

"चाक फिरलं की मोजतेत, अण्णा."

"मंग सही करताना बोलला का न्हाईस?"

"चार माणसांत तुम्हाला कसं बोलू? लई खूश होते तुम्ही."

"मंग यष्टीनं ये की."

"दारात एवढी गाडी असताना यष्टीनं?"

"बरं," अण्णा म्हणाले. खरं तर त्यांना आणखी पुष्कळ म्हणायचं होतं. पण फोनवर घासाघीस त्यांना कधी जमली नाही. तिथं उपरणं टाकायला हातच नसतो समोर.

त्या रात्री ते जेवले नाहीत. स्वतःचाच इतका राग त्यांना कधी आला नव्हता. बैलाचा साज सोडून सोडून हा माणूस पोराची वाटच विकून बसला होता! सकाळी त्यांनी ठरवलं, सोडलेले किलोमीटर परत घ्यायचे. कपाशीचे पैसे आले होतेच. द्वारकाबाईला त्यांनी तसं बजावून सांगितलं आणि त्रिंबकला फोन लावला.

"त्रिंबक, ते किलोमीटर दे बाबा परत. सांगशील तो भाव."

पहिल्याच बोलीला 'सांगशील तो भाव'! बाजारात कुणी ऐकलं असतं तर अण्णा वारले का काय म्हणून चौकशीला आलं असतं.

"पैसे राहू द्या, अण्णा," त्रिंबक म्हणाला. "वसंतरावनं मागल्याच महिन्यात वाढवून घेतले."

अण्णा ताडकन उभे राहिले. "वाढवले? मला बोललं न्हाई ते! म्हंजे न सांगता येणार लेकाचं!"

पलीकडं त्रिंबक नुसता खाकरला.

"त्रिंबक?"

"अण्णा, ते... दोस्तांसंगं गोव्याला गेल्ते. त्यात गेले ते किलोमीटर."

अण्णा हळूच खाली बसले.

"गोवा पुण्याहून जवळ हाय का रं? टेंभुर्णीपरीस?"

"न्हाई, अण्णा. लांबच हाय."

"बरं बरं. गाडी बराबर चालली ना?"

"बिलकुल. एक नंबर."

"मंग झालं," म्हणून अण्णांनी फोन ठेवला.

द्वारकाबाई दारात उभीच होती. "मिळाले का वो भाऊजी, किलोमीटर?"

"मिळाले की."

"केवढ्याला बसले?"

"फुकट. पैसा लागला न्हाई!"

"घ्या!" द्वारकाबाईनं टाळी वाजवली. "सौद्यात तुमचा हात कोण धरणार!"

तासाभरात गल्लीभर झालं. अण्णांनी पुण्याच्या कंपनीकडून फुकट किलोमीटर काढले! संध्याकाळपर्यंत दोघंजण येऊन, बैल बघायला चला म्हणून आग्रह करून गेले. एकाचं गाव उत्तरेला, एकाचं दक्षिणेला आणि दिवस दोघांचा एकच. अण्णा दोघांनाही हो म्हणाले. घरी बसून तरी काय करायचं होतं?