कडूबारावांनी ताडपत्रीचे चारी काठ सर केले, ती हकीकत

श्रीगजानन प्रसन्न. ज्याने पृथ्वीवर आभाळाचे छत बिनटाक्याचे घातले त्या जगदीश्वरास दंडवत करोन, शहर औरंगाबाद, हाली छत्रपती संभाजीनगर, पेठ पुंडलिकनगर येथे जी थोर मोहीम जाहली, ती श्रोत्यांनी सावधचित्ते ऐकावी.

राजश्री कडूबाराव चिकलठाण्याच्या एका कारखान्यात पाळीचे सुपरवायझर, बहुत नेकीचे पुरुष, आणि त्यांस रानात मुक्काम करण्याचा षौक. परंतु सौभाग्यवती सरूबाईसाहेब लग्नापासोन एकदाही समागमे गेल्या नाहीत. राव दरसाल एकटेच चांदण्याखाली निजत, आणि तुटता तारा कुणास दाखवावा तर शेजारी चहाचा थर्मास. हे शल्य काळजात होते.

मग यंदा श्रावणमासी बाईसाहेबांस काय वाटले न कळे, त्यांनी फर्मान काढिले की, "येते मी. पण माझ्या डोक्यावर एक थेंब जरी पडला, तर पुन्हा जल्मात येणार नाय." ते समयी त्यांचे बंधू बन्सीराव हजर होते, ते वदले, "दाजी, बाजारातून तंबू आणा सरळ. तुमच्या हातून लई झालं!" हा बोल बाणासारखा रुतला, आणि रावांनी मिशीवर हात ठेवोन शपथ केली की, छत शिवीन तर आपल्याच हाताने. मग बाईसाहेब पंचमीसाठी माहेरी चितेगावास रवाना जाहल्या, आणि करार ठरला की, पंचमीच्या दुसरे दिवशी पहाटे बन्सीरावांची जीप त्यांस घेऊन पुंडलिकनगरी येईल आणि तेथोन गौताळ्याच्या रानाकडे कूच होईल.

रावांनी गुलमंडीवरोन आभाळी रंगाचे नायलॉन पैदा केले. त्याचा काठ दोनदा दुमडोन शिवणे लाजीम, नाहीतर वारा दोरा दोरा ओढोन छताची लक्तरे करितो. परंतु दुमड धरावी कशाने? टाचणी टोचावी तर छिद्र, आणि छिद्रातोन थेंब, आणि थेंब पडला की सरूबाई गेल्या. सबब राव गच्चीवर चढले, आणि दोरीवरचे कपड्यांचे चिमटे उतरवोन पलटण उभी केली, आणि पलटण अपुरी पडली तेव्हा शेजारच्या गच्च्यांवरही छापा घातला. त्या योगे आसपासची धुणी बेवारस होऊन तीन गल्ल्यांत परागंदा जाहली.

मग पंचमीच्या आदले दिवशी बाईसाहेबांनी माहेराहोन आणिलेल्या पायमशीनवर लुंगी नेसोन खासे राव बैसले, आणि मागे कापडाचे शेपूट धरोन मातोश्री दगडाबाई. नायलॉन तो कसा, तर पाण्यातला मरळ मासा. इकडून धरावा तो तिकडून सुळकन निसटे. दोरा तुटे, राव ओवीत, पुन्हा तुटे. तरी दिवस ढळेतो तीन काठ काबीज जाहले. तेव्हा राव उन्मत्त होऊन चौथ्यावर भरधाव चालोन गेले, आणि निम्म्यावर येऊन पाणी पिण्यास उठले, तो उठवेना. आपलीच लुंगी दुमडीत घालोन वीतभर पक्की शिवली होती.

इतक्यात मातोश्रींनी देवापाशी दिवा लाविला, कात्री उचलिली आणि धान्याच्या कोठीत बंद केली. निजामाचा अंमल उठोन कैक साले लोटली, परंतु त्या घरी पंचमीचा अंमल कायम होता.

"माय, अर्धीच बाजू राह्यलीय गं."

"राहू दे. दिवे लागले, पंचिम लागली. आता शिवायचं नाय, कापायचं नाय."

"निदान लुंगी तरी कापून काढू दे."

"आन् नागोबाच्या अंगाला लागलं मंजी? लुंगीतून निघ की बाहेर. पायजमा दोरीवर हाय."

परंतु दोरीवर चिमटे नव्हते, सबब पायजमाही परागंदा. मग राव ताडपत्रीच पांघरोन आतले खोलीत दाखल जाहले. मागोन मातोश्रींची ओवी आली ती येणेप्रमाणे:

पंचमीच्या सणाला, सुई डबीत निजू दे
बारवेच्या लिंबाला, लेकी झोक्यानं झुलू दे

पंचमीचा दिवस रावांनी मशीनसमोर हात बांधोन काढिला. पुरणाचे दिंड ताटात आले, ते गोड लागेनात. वारंवार मनात येई की, सरूबाई येतील, अर्धा काठ पाहतील, आणि जीपमधोन न उतरताच चितेगावास परत फिरतील. पुढे थर्मास आहेच.

दुसरे दिवशी झुंजूमुंजू होताच जीप आली. कठड्यावर ताडपत्री, आणि तिच्या काठास हिरव्या चौकड्यांची लुंगी वाऱ्यावर फडफडत होती. बन्सीराव ओरडले, "दाजी, हे निशाण कोणत्या सरकारचं?" राव मान खाली घालोन उभे. बाईसाहेबांनी एक नजर निशाणावर, एक रावांवर टाकिली, आणि हसू आवरेना म्हणोन पायरीवरच बसल्या. मग पदराने डोळे पुसोन सुईदोरा मागितला.

"अहो, बसा जीपमधी. उरलेले टाके मी घालते हातानं. लुंगी ऱ्हाऊ द्या, तिरका पाऊस आला तर आडोसा होईल."

आणि कन्नडाच्या वाटेने सारे आभाळी कापड मांडीवर घेऊन त्यांनी टाके घातले. जेथे जीप खड्ड्यात आदळे तेथे टाका वीतभर लांब पडे, आणि राव दुसरे टोक असे धरोन होते की जणू तान्हे लेकरू.

गौताळ्याच्या पायथ्याशी छत उभे राहिले, लुंगी जरीपटक्यासारखी झळकली, आणि सर्वांनी आभाळाकडे तोंड केले. ढग अजिंठ्याच्या डोंगरावरोन फौजबंद आले, त्यांनी चारी काठ न्याहाळिले, आणि तसेच पुढे निघोन गेले. सकाळपर्यंत एक थेंब पडला नाही.

बन्सीराव सामान आवरीत म्हणाले, "चल अक्का. दाजींची हौस फिटली एकदाची."

बाईसाहेबांनी हुकूम केला, "फिटली कशानं? थेंबच पडला नाय, तर पारख कशी व्हायची? पुन्हा यावं लागंल."

हे ऐकोन राव ताडपत्रीची घडी घालू लागले, ती तीनदा चुकली.

येणेप्रमाणे चारी काठ सर होऊन मोहीम फत्ते जाहली. पावसाने ऐन वेळी हजेरी चुकविली, हे त्याचे थोर उपकार, ते येथे नमूद केले असेत.