काळ्या कुत्र्याचं नाव भुऱ्या

"आपलं कुत्रं एका हाकेवर घरी येते. तुमच्यावानी नाई. तुमचे कुत्रे बोलावलं का शेपटी हालवतेत आन् तिकडंच पळतेत."

देवरीच्या अलीकडे, हायवेच्या फाट्यावर चहाची टपरी आहे, तिथं केशोराव ही बढाई वर्षानुवर्षं मारत आले होते. तिला खोटी म्हणायची सोय नव्हती, कारण सारं गाव साक्षीला होतं. दिवस कलला की सुशिलाबाई मागच्या दारात उभ्या राहत, धानाच्या बांध्यांकडे तोंड करून "भुऱ्याऽऽ, ये रेऽऽ" अशी हाक देत, आणि हाक विरायच्या आत केशोराव पुढे, भुऱ्या मागे, दोघंही अंगणात हजर. कुत्रं काळंकुट्ट, नाव मात्र भुऱ्या. याच्या आधीची कुत्रीही, तांबडी असोत की पांढरी, सगळी भुऱ्याच. नाव बदलू म्हटलं तर सुशिलाबाई ऐकत नसत. बायकोच्या डोक्यात एखादी गोष्ट बसली की काढायच्या भानगडीत शहाण्यानं पडू नये, असं केशोरावांचं मत होतं, म्हणून तेही पडले नव्हते.

सुशिलाबाई पोळ्याच्या तोंडावर गेल्या. साधा ताप म्हणून देवरीला नेलं, देवरीनं गोंदियाला पाठवलं, गोंदियाहून त्या परत आल्या त्या गाडीत आडव्या. तेव्हापासून केशोरावांना संध्याकाळी घरात बसवेना. शेजारच्या निर्मलाबाई सकाळचा डबा पाठवायच्या, आणि रात्रीचं ते टपरीवरच्या आलुबोंड्यांवर भागवायचे. टपरीवाला कुलूप लावू लागला की नाइलाजानं उठायचे. भुऱ्या केव्हा येतो, केव्हा जातो, याकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

थंडी पडली आणि गावात बिबट येऊ लागला. निर्मलाबाईंच्या नवऱ्याचं, छोटेलालचं कुत्रं त्यानं अंगणातून उचललं.

"केशोभाऊ, दिवस बुडाच्या आत भुऱ्याले घरात घेत जा," छोटेलाल म्हणाला. "माह्या कुत्र्याचा निस्ता पट्टा भेटला."

"माही फिकर नोको करू गा," केशोराव म्हणाले. "आपलं कुत्रं एका हाकेवर येते."

त्या संध्याकाळी ते मागच्या दारात उभे राहिले आणि घसा खाकरून हाक मारली. भुऱ्या दोन बांध्या पलीकडे, धुऱ्याच्या बांधावर बसला होता. त्यानं एक कान वळवला, हाक मारणारा कोण ते पाहिलं आणि हनुवटी परत पायांवर ठेवली. केशोरावांनी पुन्हा हाक मारली. मग शिवी घातली. मग त्याच्या सात पिढ्या काढल्या. भुऱ्या उठला आणि आणखी एक बांधी लांब जाऊन बसला. शेवटी केशोराव धावले, लाखोरीच्या पिकातून त्याला हुडकून काढला आणि तो घोड्याएवढा कुत्रा लेकरासारखा कडेवर घेऊन घरी आले. पाहणाऱ्यांनी पाहिलं.

रात्रभर त्यांना झोप आली नाही. भुऱ्याला सुशिलाबाईंनी रस्त्याच्या कडेवरून उचलून आणला होता, कापसाच्या बोळ्यानं दूध पाजून जगवला होता. त्यांच्या हातचं जितं असं तेवढंच घरात उरलं होतं. तेही बिबटानं नेलं तर आपण कोणत्या तोंडानं या घरात राहायचं, हे त्यांना कळेना.

सकाळी त्यांनी तिरोड्याला मुलीला फोन लावला. गुंजन म्हणाली, "बाबा, आजकाल मोबाइलवर सारं शिकवतेत. व्हिडिओ पाठवीन, पाहा."

व्हिडिओत टोपी घातलेला एक गुळगुळीत माणूस होता. कुत्रं हाकेवर यायला लांब दोरी हवी, चविष्ट घास हवा आणि हाकेत आनंद हवा, असं त्याचं म्हणणं होतं. केशोरावांनी दोरीपासून सुरुवात केली. बैलाचा कासरा भुऱ्याच्या गळ्यात बांधला, दुसरं टोक स्वतःच्या मनगटाला. तेवढ्यात भुऱ्याला रानडुकराचा वास लागला. पुढच्या तीन बांध्या केशोराव कुत्र्यामागे गेले. पहिली पायांवर, उरलेल्या दोन पोटावर. मग घास. देवरीच्या बाजारातून कलेजी आणून, उकडून, वाटीत घेऊन दारात उभे राहिले. गावातली झाडून सगळी कुत्री आली, एक डुक्कर आलं, भुऱ्या आला नाही.

उरला आनंद. आता केशोरावांच्या आवाजात आनंद उभ्या हयातीत कोणी ऐकला नव्हता. तो चारचौघांत कुठून काढणार? म्हणून ते दार लावून घेत आणि स्वयंपाकघरात बसून व्हिडिओतल्या माणसासारखं म्हणून पाहत, "ये ना राजा, ये ना. किती वाट पाहायची तुझी."

भिंतीपलीकडे निर्मलाबाई भांडी घासत होत्या. त्यांच्या हातातलं भांडं हातातच राहिलं.

पुढचं नळावर झालं. एकटा माणूस, आणि कलेजी अर्धा किलो. दार लावून लाडीगोडी. म्हणजे घरात कोणीतरी आहे. दुसऱ्या दिवशी ती छत्तीसगडची ठरली. तिसऱ्या दिवशी ती पायानं अधू आहे, म्हणून बाहेर दिसत नाही, असाही खुलासा झाला. ही बातमी तिरोड्याला पोहोचली आणि गुंजन पहिल्या बसनं निघाली. चपला न काढता ती घरात शिरली, कोठीची खोली पाहिली, खाटेखाली वाकून पाहिलं.

"बाबा, कोन हाय ते?"

"कोन?"

"मायचं वर्षश्राद्धबी नाई झालं, बाबा," ती म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

केशोरावांना काय झालं ते कळायलाच वेळ लागला. कळल्यावर त्यांनी कलेजीची वाटी दाखवली, कासऱ्यानं सोललेलं मनगट दाखवलं, आणि शेवटी भिंतीकडे पाहत ते "ये ना राजा" म्हणूनही दाखवलं. गुंजन हसली, आणि हसता हसता परत रडली. निर्मलाबाई दारात उभ्या होत्या.

"आता मले काय मालूम," त्या म्हणाल्या. "आवाज त तसाच व्हता."

या सगळ्यात दिवस बुडायला आला. छोटेलाल सांगत आला की तळ्याच्या पारीवर बिबटाचे ताजे पंजे उमटलेत. भुऱ्या बाहेरच. केशोराव कासरा घेऊन बांधीत धावले. ते एक पाऊल पुढे टाकत, भुऱ्या दोन पावलं मागे सरके. अंधार पडू लागला. मागच्या दारातून गुंजन पाहत होती. कुत्र्यापायी बापच बिबटाच्या तोंडी जायचा, असं तिला वाटलं. काय करावं ते सुचेना, तेव्हा तोंडाशी हात धरून तिनं आईसारखी हाक मारली, "भुऱ्याऽऽ, ये रेऽऽ."

आवाज आईचाच होता.

केशोरावांच्या हातातून कासरा गळून पडला. ते वळले आणि चालू लागले. मागे न पाहता, धुऱ्याधुऱ्यानं, रोजच्या वाटेनं ते अंगणात आले, दगडावर उभं राहून पाय धुतले, आत आले आणि भिंतीशी आपल्या जागेवर मांडी घालून बसले. समोर ताट नाही हे तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. सगळे आपल्याकडे पाहताहेत हेही तेव्हाच दिसलं. त्यांच्या मागोमाग भुऱ्या येऊन उंबऱ्याशी बसला होता.

"आला का नाई?" निर्मलाबाई म्हणाल्या.

"हो, काकी. मायच्या हाकेवरच येते भुऱ्या," गुंजन म्हणाली.

"भुऱ्या त भाऊजीच्या मांगं आला, बाई. मी भाऊजीचं म्हनून राहिली."

कोणालाच समजलं नाही, तेव्हा निर्मलाबाईंनी उलगडून सांगितलं. "तुही माय नवी नवरी आली तवा ओसरीत सासू-सासरा बसत. नवऱ्याले बांधीतून जेवाले बोलवाचं कसं? नाव घेता येत नाई, मोठ्याईसमोर आवाज देता येत नाई. मंग ते कुत्र्याले हाक मारे. कुत्रं नाई येत व्हतं हाकेवर. भाऊजी येत, आन् कुत्रं त्याईच्या मांगं. म्हनून तं ते नाव बदलू देत नोती. कुत्रे बदलले, नवरा तोच व्हता ना."

"मले वाटे," केशोराव हळूच म्हणाले, "कुत्र्याची जेवाची वेळ झाली, म्हनजे आपलीबी झाली असंन."

"आमी साऱ्याच तसं करत असतो. माही चंपी नाई का?"

छोटेलाल जरा वेळ विचार करत उभा राहिला. "चंपी त बकरी हाय," तो म्हणाला आणि बाहेर जाऊन बसला.

केशोरावांना मात्र एक उन्हाळा आठवला. आधीचा भुऱ्या हायवेवर ट्रकखाली गेला होता आणि नवं पिल्लू मिळालं नव्हतं. घरात कुत्रंच नव्हतं, तरी सुशिलाबाई रोज संध्याकाळी हाक मारायच्या. "मेल्या कुत्र्याले कायले बोलावून राहिली? येडी झाली का?" असं ते एकदा सर्वांदेखत ओरडले होते. सुशिलाबाईंनी मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी परत हाक मारली, आणि केशोराव परत जेवायला आले होते. हे आठवलं आणि भिंतीकडे तोंड करून ते लहान मुलासारखे रडले.

गुंजन दोन दिवस राहिली. ती हाक मारी, बाप येई, कुत्रं येई. जाताना म्हणाली, "रोज संध्याकाळी फोनवर हाक मारीन, बाबा."

"नोको बाई. लोक म्हनतीन, आता ते छत्तीसगडवाली फोन करून राहिली."

ती गेली त्या संध्याकाळी केशोराव टपरीवर गेले नाहीत. बांधीवर जाऊन धुऱ्यावर बसले. भुऱ्या येऊन शेजारी बसला. पलीकडून निर्मलाबाईंची चंपीला हाक आली आणि छोटेलाल खाली मान घालून घराकडे निघाला. केशोराव बसून राहिले. कान मागच्या दाराकडे होते, आणि तिथं कोणी नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी उठवेना. अंधार दाटायला लागला, भुऱ्यानं जंगलाकडे पाहून कान टवकारले, तेव्हा कुत्र्यासाठी म्हणून ते उठले आणि चालू लागले. मागून पावलं वाजत आली. घरी येऊन त्यांनी फाटकाची कडी लावली.

आता आलुबोंडेही नव्हते. त्यांनी गॅस पेटवला, पातेल्यात पाणी ठेवलं आणि तांदळाच्या डब्यात हात घालून तसेच थांबले. किती घ्यायचे ते त्यांना माहीत नव्हतं. विचारायला तोंड उघडलं खरं, पण बायकोला नावानं हाक मारायची त्यांनाही कधी सवय नव्हती. "आइकलं का" म्हटलं की काम भागायचं. आता ऐकायला कोण होतं?

"सुशिला," ते हळूच म्हणाले, "तांदूळ किती टाकू?"

ओसरीत नखं वाजली. भुऱ्या धावत आत आला आणि शेपटी आपटत त्यांच्या पुढ्यात बसला.

"तुले नाई बोलावलं बे," केशोराव म्हणाले, आणि आपल्या मुठीवर त्याच्या नावानं आणखी एक मूठ टाकली.