गुलाबरावांची बाई

गुलाबराव गाढविणीला 'बाई' म्हणत आणि आम्हा माणसांना 'गाढवहो'. देवळीच्या ढोरांच्या दवाखान्यात ते गायींना कृत्रिम रेतन करायचे, मी मलमपट्टी. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. सगळा तालुका संकरित गायींमागे धावत होता आणि हा शहाणा खांद्यावर काळा पट्टा असलेल्या आपल्याकडच्या बुटक्या गाढवांसाठी झुरत होता. "वाण बुडून राह्यला, बापू!" हे दिवसातून दहा वेळा. बुडू द्या की! कोणाचं काय अडणार होतं?

त्या वाणाचा शेवटचा नर नाचणगावच्या बेलदाराकडे, तोही मागच्या पायानं लंगडा. शेवटची मादी, म्हणजेच ही बाई, आमच्या शामराव कुंभाराकडे. गुलाबरावांनी नराचं बीज काढलं, थर्मासात भरलं आणि एसटीत बसले. कंडक्टरनं विचारलं, "चाय हाय का?"

"वाण हाय," म्हणाले.

रेतनाच्या वेळी बाईचं शेपूट धरून मीच उभा. काय नशीब माझं!

शामरावानं ट्रॅक्टर घेतला होता, बाई विकायला काढली होती. गुलाबरावांनी हातापाया पडून त्याला थांबवलं. दवाखान्यातला गाभणकाळाचा तक्ता पाहून त्याच्या भिंतीवर विण्याची तारीख चुन्यानं लिहिली. शामरावाची आई म्हणाली, "गाढवीण वरीसभर घेते, बाबू." पण तिला कोण विचारतो? तक्ता सरकारी होता.

त्या तारखेला गुलाबराव गुळाचं पाणी घेऊन हजर. अर्धं गाव जमलं. बाई निवांत कडबा खात राहिली. आठ दिवस तेच. "पोटात वारा हाय, गुलाबराव," मी म्हणालो, आणि लोक पोट धरून हसले. "वांझ कोण पोसंन?" म्हणत शामरावानं ती जाम गावच्या ढोरांच्या व्यापाऱ्याला देऊन टाकली.

तीनेक महिन्यांनी कामानिमित्त जामला गेलो. व्यापाऱ्याच्या गोठ्यात गुलाबराव मातीत बसलेले. शेजारी बाई, आणि तिला लुचणारं शिंगरू. खांद्यावर काळा पट्टा.

"दर आइतवारी येते हा," व्यापारी वैतागून म्हणाला. "गिऱ्हाईक आलं का आडवा होते."

गुलाबराव ओशाळले. "तक्ता गायीचा होता, बापू. म्या बाईले गायीचे महिने लावले."

मी दात काढले. "गाढविणीपायी एवढं काऊन जी?"

ते शिंगराची पाठ चोळत राहिले. "माह्या बायकोलेबी सगळे वांझ म्हणत. म्या ऐकलं. माहेरी धाडून देली. दुसऱ्या घरी तिले दोन पोरं झाली."

माझं हसू तोंडातच राहिलं. इतकी वर्षं या माणसाला हसलो त्याची लाज वाटली.

"चाल, धर," जमवलेल्या नोटा व्यापाऱ्याच्या हातात ठेवत ते म्हणाले. "हिले तं घरी नेतो."

मी खुंट्याची दोरी सोडली.