अळणी बिस्किटं

सर्वेशनं कुत्र्यांसाठी बिस्किटं करायचं ठरवलं, तेव्हा अट एकच होती: मीठ घालायचं नाही. एवढी साधी अट नांदेडातल्या एका शिकल्यासवरल्या घराला पाळता येईल असं त्याला वाटलं. (विष्णुपुरीचं इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षात सोडलेला मुलगा. अंदाज चुकायचेच.)

झालं असं की, त्याची थोरली बहीण मालविका ही लातूरला जनावरांची डॉक्टर. तिच्या औसा रोडच्या दवाखान्यात रविवारी कुत्र्यामांजरांना लस टोचायचं शिबिर होतं. सुई टोचल्यावर जनावराच्या तोंडात काहीतरी गोडीगुलाबीनं घालायला हवं, म्हणून तिनं फोन केला. "दोनशे बिस्किटं कर. मीठ नाही, साखर नाही, तिखट नाही, कांदा-लसूण तर बिलकूल नाही. जनावरांनी खाल्ली, तर दर आठवड्याला तुझ्याकडूनच घेईन."

सर्वेशला हा फोन म्हणजे बुडत्याला काडी. कारण सोमवारपासून त्यानं तलाठी भरतीच्या क्लासला बसायचं, असं त्याच्या वडिलांनी, म्हणजे दत्तोपंतांनी, ठरवून टाकलं होतं. फॉर्म त्यांनीच आणला, फोटो त्यांनीच चिकटवला, खाली पोराची सहीसुद्धा त्यांनीच केली. दत्तोपंत निवृत्त हेडमास्तर. तीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना 'स्वतःच्या पायावर उभे राहा' सांगितलं, आणि घरचं पोरगं उठायला लागलं की 'बस खाली' म्हणाले. इंजिनिअरिंगही त्यांनीच निवडलं होतं, कारण शेजारच्या किशनरावांचा मुलगा इंजिनिअर झाला होता. पुढे तो पुण्यात मोमो विकायला लागला. पण ती बातमी दत्तोपंतांनी उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही.

"बाबा, रविवारी बिस्किटं चालली तर सोमवारी क्लास नाही. बोला."

"आणि नाही चालली तर?"

"तर निमूट जातो."

"ठरलं. शिक्षण सोडणारे शेवटी बेकरीत ट्रे घासतात, हे मी सत्त्याऐंशी सालापासून सांगून राहिलो."

शनिवारी सकाळी सर्वेशनं ज्वारीचं पीठ, उकडलेला लाल भोपळा आणि शेंगदाण्याचं कूट एकत्र करून परातभर गोळा मळला. मांजरांची वेगळी सोय नव्हती. शाकाहारी घरातून आलेली वस्तू आहे, तेवढं मांजरांनी समजून घ्यावं, असं त्याच्या आईचं, प्रमोदिनीबाईंचं म्हणणं.

सर्वेशनं गोळ्याचा तुकडा जिभेवर ठेवला. भिंतीचा पोपडा बरा. त्यानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि परातीवर ताट झाकलं. (या इकडंतिकडं बघण्यात काय घडलं, ते येईलच.) गोळा दोन तास मुरू द्यायचा होता. तो आंघोळीला गेला, मग बिस्किटं भरायचा डबा घासायला मागच्या अंगणात गेला. चूक तिथंच झाली. आपल्याकडची वडीलधारी माणसं वाघासमोर एकवेळ गप्प बसतील. झाकलेल्या परातीसमोर बसायची नाहीत.

दुपारी परात घेऊन बापलेक साहेबरावाच्या बेकरीत. आपलं पीठ न्यायचं, बिस्किटं भाजून घ्यायची, गोडेतेलाच्या रिकाम्या डब्यात भरून आणायची, ही गल्लीची जुनी रीत. साहेबरावानं गोळा हातात घेतला. "कुणासाठी म्हणलात सर?"

"कुत्र्यांसाठी," सर्वेश म्हणाला.

साहेबरावानं गोळा खाली ठेवला. "न्हाई जमायचं. लोकायला कळलं तर भट्टी बंद पडंल माझी."

"साहेबराव," दत्तोपंत म्हणाले, "चौथीत तुला मी वर ढकललं होतं."

"हाव सर. म्हणूनच तर भट्टीपुढं बसून राहिलो."

तरी गुरुजींचा शब्द. साहेबरावानं सर्वेशला ट्रेमध्ये अंथरायचा कागद आणायला पिटाळलं. तो परत येईस्तोवर दोनशे बिस्किटं भट्टीत गेली होती, आणि वास इतका फक्कड सुटला होता की रांगेतल्या दोन बायकांनी "कशाची हो?" असं विचारलं. सर्वेशची छाती फुगली. (ज्वारी आणि भोपळ्याला वेलचीचा वास का यावा, हा प्रश्न तिसऱ्या वर्षापर्यंत शिकलेल्या डोक्यात यायला हवा होता.)

रविवारी पहाटे डबा मांडीवर घेऊन सर्वेश लातूरच्या एसटीत बसला. सोबत आईवडील. लेकीला भेटायला, असं ते म्हणाले.

शिबिरात पहिला मान एका वकिलांच्या लॅब्रेडॉरचा. लॅब्रेडॉर म्हणजे चप्पलसुद्धा चवीनं खाणारी जात. त्यानं बिस्किट चावलं, तीनदा शिंकला आणि पाण्याच्या बादलीत डोळ्यांपर्यंत तोंड बुडवलं. दुसरा गावठी, उकिरड्यावर लहानाचा मोठा झालेला. त्यानं तुकडा तोंडात धरला, विचार केला, आणि सर्वेशच्या पायाशी परत आणून ठेवला. मग एक पांढरी मांजर आली. तिनं नुसता वास घेतला आणि बिस्किटाभोवतीची फरशी पंजानं ओरबाडायला लागली. मांजर स्वतःचं उरकल्यावर त्यावर माती ओढते, तशी.

"डॉक्टरताई, पण चहासोबत लई भारी लागून राहिली!" वकीलसाहेब चौथं बिस्किट तोंडात टाकत म्हणाले. तासाभरात कुत्र्यांच्या मालकांनी निम्मा डबा फस्त केला. दत्तोपंतांनी खिशातला क्लासचा फॉर्म बाहेर काढून उगाचच वाचायला घेतला.

मालविकानं एक बिस्किट चाखलं आणि घरच्या सगळ्यांना मागच्या खोलीत बोलावलं.

"यात काय काय आहे? खरं सांगायचं."

प्रमोदिनीबाई आधी फुटल्या. "मीठ. एकच चमचा गं. दाराशी आलेल्या कुत्र्याला मी नुसती भाकर कधी टाकली नाही. अळणी कुणाला द्यायचं म्हणजे..."

"बाबा?"

"ओवा. ज्वारी पोटाला जड असते. आणि तिखट, किंचित."

"किती किंचित?"

"पळीभर."

सर्वेशनं साहेबरावाला फोन लावून स्पीकर चालू केला. पलीकडून उत्तर आलं, "पाव किलो साखर टाकली बघा, अन् वेलची. खाणारं कुत्रं असलं म्हणून काय झालं भाऊ, भाजणारी बेकरी माझी हाय ना!"

सर्वेशचा तोल गेला. "तुम्हाला राहवतच नाही ना? शाळा तुम्ही ठरवली, कॉलेज तुम्ही ठरवलं, सही पण तुम्हीच ठोकली! एक बिस्किट, फक्त एक बिस्किट माझ्या मनासारखं अळणी राहू द्यायचं होतं!"

प्रमोदिनीबाईंनी पदर डोळ्यांना लावला. दत्तोपंत स्वतःच्या चपलांकडं बघत राहिले. हेडमास्तरांना चूक सापडते, कबूल करायची रीत ठाऊक नसते.

मालविकानं बिस्किटाचा आणखी एक कण जिभेवर ठेवला. "एक चमचा मिठानं एवढं खारट होत नाही. अजून कुणी घातलं?"

तिची नजर तिघांवरून फिरली.

"सर्वेश?"

"...दोन चिमटी," तो भिंतीकडं बघत म्हणाला. "चव बघितली. राहवलं नाही."

"दोनच?"

"मूठभर."

दत्तोपंतांनी मान वर केली. वर्षभरात पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर अभिमान दिसला. "पोरगा आपलाच आहे, प्रमोदिनी."

शिबिर चारपर्यंत होतं. दवाखान्यामागंच मालविकाचं घर, घरात छोटा ओव्हन. पीठ मळायला तिनं तिच्या कंपाउंडरला, दयानंदला, बसवलं. त्याला बीपी, दहा वर्षं तो अळणीच जेवत होता. घरची तिघं समोरच्या बाकावर, हात मांडीखाली दाबून. प्रमोदिनीबाईंचा उजवा हात दोनदा सुटला. दोन्ही वेळेस दत्तोपंतांनी धरला. त्यांचा सुटला तेव्हा सर्वेशनं.

बिस्किटं निघाली. सर्वेशनं पहिलं त्याच गावठी कुत्र्यापुढं धरलं. त्याला सकाळचं चांगलं आठवत होतं; लांबूनच वास घेतला, सर्वेशच्या तोंडाकडं पाहिलं. मग अलगद उचललं. आणि कर्र असा आवाज आला. त्यानं अकरा खाल्ली आणि बाराव्यासाठी सर्वेशच्या खिशात नाक घातलं. लॅब्रेडॉरनं तर वकिलांना परत जाऊ दिलं नाही. मांजरीनंही एक कोपरा चाटला. शाकाहारी घराचा मान म्हणून असेल.

दत्तोपंतांनी फॉर्मच्या चार घड्या केल्या आणि दवाखान्याच्या डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली सरकवल्या. टेबल सरळ उभं राहिलं.

"दर शनिवारी लातूरला यायचं," मालविका म्हणाली. "ऑर्डर पक्की. फक्त पिठाला हात दयानंदचा. आपल्या घरचं कुणी जवळ नको."

"मी पण?"

"तू तर पहिला."

"मग मी काय करू?"

मालविकानं मोरीकडं बोट दाखवलं. तिथं भोपळा करपून चिकटलेल्या सहा ट्रेंची चळत होती.

सर्वेशनं बाह्या सारल्या, नळ सोडला, काथ्या घेतला. मागून चपला वाजल्या. दत्तोपंत येऊन शेजारी उभे राहिले. आता ते सत्त्याऐंशी सालचं वाक्य येणार, म्हणून सर्वेशनं मान खाली घातली. दत्तोपंतांनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मग खुंटीवरचं फडकं घेतलं, घासलेला एक ट्रे पुसला, उजेडात धरून नीट न्याहाळला, आणि सर्वेशच्या हातात परत दिला.

"कोपरे राहिलेत."