नर्सबाईच्या दातांचा सत्कार

"पाहजो तू, सोमारीबाई! मी नागपूरहून आली ना, का अख्खं गाव माह्याकडं डोळे फाडून पाहीन!"

असं दवाखान्यातल्या दाईला छातीठोकपणे सांगून नर्स अंजनाबाई दुर्गे एस.टी.त चढली होती. आणि का नाही सांगणार? लहानपणापासून तिचे वरचे चार दात ओठांच्याही आधी दारात येऊन उभे राहत, पाहुण्यांना घ्यायला आल्यासारखे! हसू आलं की हात आपोआप तोंडावर जायचा. लग्नाच्या फोटोत ती अशी तोंड मिटून बसली होती, जणू कुणी नुकताच कडुनिंबाचा काढा पाजलाय. शेवटी तिशी उलटल्यावर तिनं मन घट्ट केलं आणि नागपूरच्या डॉक्टरांकडून दातांना तारा बसवून घेतल्या. लहान पोरांच्या रांगेत ही एकटी बाई! मग दोन वर्षं ना ऊस, ना पेरू, ना भाजलेला भुट्टा. बोरंसुद्धा बत्त्यानं ठेचून खायची. आज त्या तारा निघाल्या होत्या.

परतीच्या एस.टी.त अंजनाबाई खिडकीशी बसली ती जणू जमिनीवर नव्हतीच. जीभ दातांवरून पुन्हा पुन्हा फिरत होती. काय ते गुळगुळीत दात! शेवाळलेल्या दगडावरून पाय सटकावा तशी जीभ सटकत होती. हे आपलंच तोंड आहे की कुणा भल्या माणसानं दोन दिवसांसाठी वापरायला दिलंय? बाहेर पळस पेटला होता, मोहाचा वास आत येत होता, आणि खिडकीच्या काचेत जंगलावरून एक सरळ दातांची बाई तरंगत चालली होती. अंजनाबाई तिच्याकडे बघून हसली. तीही हसली. आता आपण गावात उतरू, विहिरीवरच्या बाया दोर तसाच सोडून बघत राहतील, घागरी पाण्यात बुडतील, तरी कुणाला भान नसेल...

"बाई, बरं नाई वाटून राह्यलं का?" कंडक्टरनं विचारलं. "केव्हाची तोंड फिरवून राह्यल्या. उलटी येते का? खिडकी उघडू?"

"नाई जी!" अंजनाबाई दचकून म्हणाली.

एक बारीकशी अडचण मात्र होती. दात पुन्हा वाकडे होऊ नयेत म्हणून डॉक्टरांनी टाळूला चिकटणारी एक गुलाबी प्लेट दिली होती. जेवताना काढायची, एरवी तोंडातच. ती बसली की बोलताना शब्दांची शेपटं घसरायची. "सवय होईल," डॉक्टर म्हणाले होते.

एटापल्लीच्या पुढं, जिथून एस.टी. वळून परत जाते, तिथं अंजनाबाई उतरली. समोर लच्छूची चहाची टपरी. तिनं बत्तीसच्या बत्तीस दात उन्हात धरले.

लच्छूच्या हातातली किटली थांबली. "बाई, लय खूश दिसून राह्यल्या! काय झालं जी?"

"बदल झाला ना!" अंजनाबाई म्हणाली. पण प्लेटवरून शब्द घसरले आणि लच्छूच्या कानात शिरलं, 'बदली झाली ना!'

"काय सांगता! कुठी?"

काय हा प्रश्न, असं तिला वाटलं. दातांचं काम दुसरं कुठं होणार? "नागपूरले!"

"बाप्पा! एकदम नागपूरले! अन् मास्तरले माहीत हाय?"

मास्तर म्हणजे तिचे यजमान गुणवंतराव, आश्रमशाळेतले शिक्षक. ते अहेरीला प्रशिक्षणाला गेले होते.

"अजून नाई. आले का एकदमच चकित करीन त्यायले!" आणि अंजनाबाई पुन्हा हसली.

लच्छूला तो हसरा चेहरा पाहून थंडीच वाजली. नवऱ्याला न सांगता नागपूर! आणि वर हसते!

अंजनाबाई घरी पोचायच्या आत बातमी गावभर होऊन परत टपरीवर चहा प्यायला आली होती!

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जो येई तो आधी तिच्या तोंडाकडे बघत राही. पोटुशी बुधरी तपासायला आली. ती तर इतका वेळ बघत राहिली, की तिचे डोळेच भरून आले. 'इतके सुंदर झालेत?' अंजनाबाईला वाटलं आणि तीही गहिवरली. सोमारी दाई कोपऱ्यात पट्ट्या गुंडाळत गप्प बसली होती. एरवी दिवसभर जिभेला विसावा नाही आणि आज एक शब्द नाही! 'जळते थोडीशी,' अंजनाबाईनं मनात तिला माफ करून टाकलं.

दुपारी गावचे वडीलधारे लालसूभाऊ डोक्याचं फडकं हातात घेऊन दारात उभे राहिले.

"बाई, उद्या दिवस कलला का शाळेसमोर या. गावाले तुमचा सत्कार करायचा हाय."

"सत्कार? कशाले जी, लालसूभाऊ!" अंजनाबाई लाजली. मनात मात्र म्हणाली, दोन वर्षं मऊ भात गिळला, सत्कार नको व्हायला? 

दुसऱ्या दिवशी ती ठेवणीतलं मोरपंखी लुगडं नेसली. शाळेसमोर अख्खं गाव. एकीकडे भाताची हंडी, कोंबडीच्या रश्श्याचा वास, ढोल तापवायला ठेवलेले. मधोमध हेडमास्तरांची खुर्ची तिच्यासाठी. अंजनाबाई बसली आणि तिला पुन्हा ते तरंगल्यासारखं वाटायला लागलं. उन्हाची तिरीप थेट तोंडावर येत होती. बरंच झालं, दात नीट दिसतील!

लालसूभाऊ उठले. "बाईनं लय वर्सं तरास सोसला. कधी तोंडातून चकार शब्द नाई काढला."

अंजनाबाईनं मान डोलावली. खरं होतं.

"आता सुटली बिचारी."

खरंच सुटले, तिनं जीभ दातांवरून फिरवली.

"आता नवीन येईन. त्याची सवय करा लागन."

होतेय, होतेय सवय!

"पण मी सांगतो," लालसूभाऊंनी फडक्यानं डोळे पुसले, "नवीन कितीबी चांगलं असू दे, जुन्याची सर नाई यायची! आमाले तर जुनंच पाहिजे होतं!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अंजनाबाई ताठ झाली. काय? जुनेच पाहिजे होते? ते पुढं आलेले, फावड्यासारखे? भर सभेत, खुर्चीवर बसवून, असा अपमान!

ती ताडकन उठली. "काय चांगलं होतं जुन्यात? सांगा ना! लाजेनं तोंड लपवून राह्यली मी इतकी वर्सं! चार माणसांत मोकळं हसता नाई आलं मले! सुटली तेच बरं झालं!"

ढोल तापवणाऱ्याचा हात थांबला. बुधरीनं पदर तोंडात कोंबला. लालसूभाऊ हळूच खाली बसले, एकाएकी वयानं आणखी वाढल्यासारखे.

"आमची इतकी लाज वाटत होती, बाई?" ते म्हणाले.

अंजनाबाई काही बोलणार तोच गर्दी फाकली. गुणवंतराव! हातात पिशवी, पायात एकच चप्पल, केसांत रस्त्याची सगळी धूळ.

"अंजना! नागपूरले बदली करून घेतली, अन् मले एका शब्दानं नाई सांगितलं?"

"बदली? कोणाची?"

"तुही! लच्छूनं आत्ताच सांगितलं. मले सोडून चालली म्हणते, हसत हसत!"

अंजनाबाईच्या डोक्यात सगळं एकापाठोपाठ एक उलगडत गेलं. कंडक्टर सोडून बाकी सगळं! तिनं तोंडात बोट घातलं, गुलाबी प्लेट खसकन बाहेर काढली आणि सभेसमोर उंच धरली.

"बदल! बदल म्हटलं होतं मी! हिच्यामुळं शब्द घसरतात जी! बदली नाई झाली, दात सरळ झाले माहे! कुठीच जाऊन नाई राह्यली मी!"

आणि पुराव्यादाखल तिनं आ वासला.

गुणवंतरावांची पिशवी खाली पडली. मावळतीचं ऊन तिच्या दातांवर आलं होतं. ते बघत राहिले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बायकोला असं पुरतं हसताना त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

"सरळ झाले वं," ते हळूच म्हणाले.

अंजनाबाईला हसू फुटलं आणि जुन्या खोडीनं हात तोंडाकडे निघाला. गुणवंतरावांनी तो वाटेतच धरला. क्षणभर तिला ढोल, गाव, रस्सा काही दिसेना. फक्त तो हात, आणि पलीकडे पळसाचा लाल जाळ.

"म्हणजे बाई जाऊन नाई राह्यली?" लालसूभाऊंनी खात्री करून घेतली.

"नाई जी!"

"मग ढोल काऊन थांबला रे? अन् रस्सा कोण पाहून राह्यलं?"

निरोपाचं जेवण होतं, ते आता मुक्कामाचं झालं. बुधरी रडता रडता हसत होती. पानांच्या पत्रावळीवर गरम भात पडला. अंजनाबाईनं कोंबडीची तंगडी उचलली आणि दोन वर्षांनी पहिला खरा घास तोडला. स्वर्ग!

एवढ्यात सोमारी कंदील घेऊन आली. तिनं तो अंजनाबाईच्या तोंडाजवळ धरला, मान इकडून तिकडे करत खूप वेळ निरखून पाहिलं. अंजनाबाईनं ओठ शक्य तितके मागं ओढले. पाहू दे, हिलाच आधी सांगितलं होतं आपण!

"दात तर पहिलेसारखेच दिसून राह्यले मले," सोमारी म्हणाली. "पण बाई, तुह्या दातांवरचा तो चांदीचा दागिना कुठी गेला? लय शोभत होता वं तुले!"

अंजनाबाईनं तोंड मिटलं आणि तंगडी पुन्हा हातात घेतली.